रविवारची बॅच

घरात ठरलं होतं ते एवढंच: माझं लायसन आलं की चावी माझ्याकडे, आणि बाबा स्टिअरिंग सोडणार. डॉक्टरांनी खरं तर लगेच सोडायला सांगितलं होतं. काचबिंदूने बाबांची कडेची नजर गेली होती. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. इंग्रजी शाळेत मी डोळ्याची आकृती काढून, बाण मारून सगळी नावं लिहिली होती आणि पूर्ण मार्क मिळवले होते. पण ‘काचबिंदू’ हा शब्द मी पहिल्यांदा त्या दवाखान्यात ऐकला. घरी तो पुन्हा कुणी उच्चारला नाही. “यांचा चष्मा बदलायचाय,” असं आई शेजारी सांगायची.

ड्रायव्हिंग क्लास पेणच्या एसटी स्टँडजवळ होता. आम्ही तिघंही गेलो, जणू माझं बालवाडीत नाव घालायला. क्लासवाल्यांनी दोन प्रकार सांगितले. रोज सकाळी आलं तर पंधरवड्यात हात बसतो. नाहीतर रविवारची बॅच. नोकरीवाले तीच घेतात, तिला काही महिने जातात.

“घाई हाय का, ताई?” त्यांनी मला विचारलं.

“नाय हो,” बाबाच म्हणाले. “आरामात शिकू दे. घाईत शिकलेले दिसतात ना आपल्याला हायवेला.”

“रोजचंच घाला,” आई म्हणाली.

“तू शिकतेस का गो? मग तूच ये रोज.”

क्लासवाले हसले. “ताईंना बोलू द्या की. आवाज हाय ना त्यांना?”

“रविवार चालेल,” मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पण घरी येताना त्यांनी शिट्टी वाजवत गाडी चालवली.

आम्ही तिघंही जे मोजत होतो ते कुणी बोलून दाखवलं नाही. मी रोज गेले तर गाडी महिनाभर बाबांच्या हातात राहणार होती, रविवारी गेले तर पावसाळ्यापर्यंत. डोलवीच्या कंपनीत त्यांनी सगळी नोकरी क्रेनवर काढली होती. रिटायर झाल्यावर चालवायला उरली ती ही गाडी, आणि जायला उरलं ते रविवारी दुपारी रोह्याला, आत्याकडे. मी त्यांना आणखी काही रविवार देत होते. आईच्या नजरेला नजर मात्र देत नव्हते.

बॅचमध्ये माझं काही खरं नव्हतं. आठवडाभरात पाय सगळं विसरायचे. शिकवणारे दादा शेजारी बसायचे, त्यांच्या पायाखाली त्यांचा वेगळा ब्रेक. मी क्लच सोडला की गाडी उडी मारून बंद पडायची.

“मागच्या जन्माचं राहू दे ताई, मागच्या रविवारचं तरी आठवा,” ते म्हणायचे.

घरी येऊन हे सांगितलं की बाबांचा चेहरा सैल व्हायचा. “येईल, बाय. घाई नाय.”

फाल्गुनात ते झालं, मी बाबांबरोबर गाडीत असताना. त्या दिवसांत पेणमधले गणपतींचे कारखाने भरात असतात. गल्लीच्या कडेला फळ्या मांडून त्यावर कच्च्या मूर्ती वाळत ठेवतात. अशा गल्लीतून गाडी दुसऱ्या अंगाने काढायची, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. बाबांनाही माहीत होतं. पण त्यांना ती फळी दिसलीच नाही. डावं चाक फळीच्या टोकावर चढलं आणि फळी उलटली. मोठा आवाज झाला नाही. ओलसर माती पडते तसा थप्प, थप्प.

कारखान्यातली बाई बाहेर आली. हात कोपरापर्यंत मातीने माखलेले. बाबा खाली उतरून हात जोडून उभे होते. तिच्यापुढे की तुकड्यांपुढे, ते कळत नव्हतं.

“देव मोडला माझ्या हातून,” ते म्हणाले.

“देव कसला? माती हाय ती अजून,” ती म्हणाली. “परत मळू. पण दादा, तिथं माझी नात खेळत बसते. आज घरात झोपली म्हणून. दिसलं नाय तुम्हाला?”

“ऊन आलं डोळ्यावर.”

ऊन आमच्या पाठीमागे होतं. बाईने ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि खाली बसून तुकडे गोळा करू लागली. मीही बसले. माती अजून थंड होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाण्याआधी मी एकटी क्लासला गेले आणि म्हणाले, “मला रोज यायचंय. उद्यापासून.”

“आवाज हाय की!” क्लासवाले म्हणाले. मला हसता आलं नाही.

रात्री जेवताना घरी सांगितलं.

“आईनं पाठवलं तुला?” बाबांनी विचारलं.

“नाही. मीच गेले.”

ते भात चिवडत राहिले. मग आईला म्हणाले, “आमटीत मीठ नाय.”

“मीठ आहे,” आई म्हणाली.

त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. सकाळी मी क्लासला निघाले की पेपर तोंडासमोर धरायचे.

वैशाखात लायसन आलं. बाबांनी चावी टीव्हीशेजारी ठेवली, माझ्या हातात दिली नाही. पहिल्या रविवारी रोह्याला निघालो तेव्हा ते डाव्या सीटवर पट्टा लावून बसले. आई मागे. ते माझ्या चुका काढतील म्हणून मी मान ताठ धरून चालवत होते. त्यांनी एकही काढली नाही. नागोठणं गेलं, रस्ता मोकळा झाला.

रोहा जवळ आलं तेव्हा त्यांनी विचारलं, “निडी आलं का, बाय?”

“कधीच मागे गेलं, बाबा.”

“व्हय?” समोर बघत ते म्हणाले.

इतके रविवार याच रस्त्याने ते आम्हाला नेत आले होते. तेव्हा त्यांना रस्त्याकडेचं निडी गाव दिसायचं की नुसतं आठवायचं, हे मी विचारलं नाही.