चपला काढा, गवत कवळं हाय

"चपला काढा, म्याडम. गवत कवळं हाय."

राखणदार झाल्यावर बाबांचं माझ्याशी पहिलं बोलणं हे. संभाजीनगरहून जीपमध्ये हाडं खिळखिळी करून मी अजिंठ्याच्या अलीकडच्या त्या गावात पोचले होते. समोर दगडगोट्यांचा डोंगर, त्यावर बोटभर गवत, आणि हा साठीचा माणूस काठी आडवी धरून उभा. सोबतच्या माझ्या साहेबांनी आधी हसून पाहिलं, मग डोळे वटारून पाहिलं, आणि शेवटी बूट हातात घेऊन ‘आई गं’ करत डोंगर चढले. तुम्ही असतात तर तुम्हीही काढल्या असत्या चपला.

गंमत म्हणजे हा राखणदार मूळचा गवताचा वैरी. बाबांना गुंठाभरही जमीन नव्हती. ते आणि त्यांची बायको, जिला मी मावशी म्हणायचे, शेळ्यांवर जगायचे. आमच्या जलसंधारण खात्याचं धोरण असं, की नुसते बंधारे बांधत सुटायचं नाही, डोंगरावर गवत राखायचं. गवत असलं की पावसाचं पाणी पळत नाही, जमिनीत मुरतं. म्हणून जे गाव डोंगरावर चराईबंदी करील, त्यालाच पाण्याची योजना.

ग्रामसभेत बाबा उठले आणि म्हणाले, "मग माज्या शेळ्यांनी काय तुमची योजना खायाची का?" सभा हसली. सरपंच भलता बेरकी. त्यानं बाबांनाच राखणदार करून टाकलं.

मला वाटलं, संपलं आता गवत. पण त्या धोरणात एक गोष्ट चांगली होती: वाढलेलं गवत कापून न्यायचं आणि पहिला वाटा भूमिहीनांना द्यायचा. ते मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

"सरकारनं लिवलंय?"

"हो, बाबा."

"मग बगा तुमी."

आणि बघत राहावं असंच राखलं त्यांनी. सरपंचाचा गोऱ्हा हाकलला. आडवाटेनं लग्नाचं वऱ्हाड आलं, तर नवरदेवाच्या मोजड्या उतरवल्या, बिचारा काट्याकुट्यातून लंगडत मांडवात गेला म्हणे. स्वतःच्या शेळ्या दारात बांधलेल्या. मावशी लांबून पाला आणायची, शेळ्यांना पाला घालायची आणि नवऱ्याला शिव्या.

दिवाळीनंतर गवत कापलं. ज्याची जेवढी जमीन, त्याला तेवढा वाटा, असं गावानं परस्पर ठरवलं. बाबांना एक पेंढीसुद्धा नाही! ऐकलं तेव्हा माझा कानांवर विश्वास बसेना. तडक गाव गाठलं. सरपंच शांतपणे म्हणाला, कागदावर असतंय, म्याडम, तसं समदं. साहेबांना फोन लावला, तर ते म्हणाले, वाटपात आपण पडायचं नाही. मी पंचायतीच्या पायरीवर बसले.

तेवढ्यात शेळ्यांचा गलका ऐकू आला. उपाशी शेळ्या बघवेनात म्हणून मावशीनं त्या डोंगरावर सोडल्या होत्या, आणि बाबा त्या हाकत आणत होते, थेट कोंडवाड्याकडं. मागून मावशी रडत येत होती. मी धावत गेले.

"बाबा, अहो, तुमच्याच शेळ्या आहेत या!"

"माज्याच हायेत," ते म्हणाले. "पर बंदी समद्यांची हाय."

आणि त्यांनी कोंडवाड्याचं दार लावलं. माझ्यामागून आलेल्या सरपंचाची मान खाली गेली. मावशी रडायची थांबली. ते थांबणं मला रडण्याहून भयंकर वाटलं. संध्याकाळी दंड भरून तिनं शेळ्या सोडवल्या आणि नवऱ्याकडं न बघता पाचोडला भावाकडं निघून गेली.

पुढच्या वैशाखात गावाचा ओढा वाहता होता. आमच्या खात्यात पेढे वाटले. गावात जलपूजन ठेवलं. मांडव, हार, नारळ, भाषणं. मी गर्दीत बाबांना शोधलं, दिसेनात म्हणून सरपंचाला विचारलं.

"ते व्हय?" सरपंच हार सावरत म्हणाला. "ते थंडीतच गेले की पाचोडला, बायकोच्या मागं."

थंडीतच! आणि इतक्या महिन्यांत मला कुणी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. ज्यांच्या विहिरी भरल्या ती माणसं पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. मला तिथं थांबवेना.

बाबांचं घर डोंगराच्या पायथ्याशी. तिकडं जायची पायवाट सापडेना, कडेच्या न कापलेल्या गवतानं पार बुजली होती. गवत आता कवळं नव्हतं. वाळून कडक झालेलं, पायाला टोचणारं. तरी मी चपला काढून हातात घेतल्या.