वडिलांच्या ट्रंकेतलं औषध

अठ्ठ्याण्णव साली माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीत ड्राफ्ट्समनची नोकरी होती, घरात वडील, बायको आणि मी असे तिघंच होतो, आणि मला काहीही झालं नव्हतं. हे शेवटचं माझं म्हणणं नाही, सगळ्यांचं. ताप नव्हता, साखर नव्हती, एक्स-रे स्वच्छ होता. फक्त सकाळी उठून दाताला ब्रश लावायचा म्हटलं की बाथरूमपर्यंतची आठ पावलं मला जमत नसत. पाचव्या पावलाला मी भिंतीला टेकून उभा राही आणि बायको शाळेत शिकवायला जायच्या गडबडीत मागून म्हणे, "अहो, सरका तरी."

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. वडिलांना मी आबा म्हणत असे. ते पोलिसात हवालदार होते, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांचं निदान पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

"व्हायला काय झालंय तुला? पहाटे तालमीत जा, शंभर जोर काढ, वर म्हशीचं दूध पी. दोन हप्त्यात खडखडीत हुतुयास का न्हाय बघ."

शेजारचे म्हणाले, जोतिबाला पाच रविवार कर. ऑफिसातले म्हणाले, मन घट्ट कर. मन म्हणजे काय नाडी आहे का घट्ट करायला? एका मावशीनं तांबडा रस्सा सुचवला, तोही डबा भरून आणून. मी तो समोर ठेवून इतका वेळ बघत बसलो की वर तुपासारखा थर धरला. मला लोकांचा राग यायचा, पण राग करायलाही ताकद लागते. ती नसल्यामुळे मी सगळ्यांना "व्हय, करतो" म्हणत होतो.

शेवटी बायकोनंच मनाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. दवाखाना पहिल्या मजल्यावर, खाली टायरचं दुकान. कुणी ओळखीचं बघेल म्हणून मी आधी टायरच्या दुकानात शिरलो. माझ्याकडे लुना होती. दुकानदारानं ट्रकचा टायर दाखवायला घेतला, तेव्हा बायकोनं माझा दंड धरून मला जिन्यावर चढवलं.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, औदासीन्य नव्हे, डिप्रेशन, आणि गोळ्या लिहून दिल्या. गुण दिसायला तीन-चार आठवडे लागतील, मधेच बंद करू नका, असं बजावून सांगितलं. गोळ्यांनी तोंड असं कोरडं पडे की बोलताना जीभ टाळ्याला चिकटायची. तेही चाललं असतं. पण माझा हात कापायला लागला. माझा धंदाच हाताचा. ट्रेसिंग पेपरवर पंपाच्या केसिंगची गोलाई काढावी तर रेघ मुंगी चालल्यासारखी वेडीवाकडी. एक अख्खं ड्रॉइंग मी ब्लेडनं तीनदा खरवडलं आणि चौथ्यांदा कागदाला भोक पडलं. सुपरवायझरनं ते भोक उजेडाला धरून बघितलं आणि कागद माझ्या बोर्डावर परत ठेवला. त्या दिवशी घरी येऊन मी गोळ्या बंद केल्या. डॉक्टरांना सांगितलं नाही. बायकोलाही नाही. पाकिटातून रोज एक काढायची आणि मोरीत टाकायची. एवढी अक्कल मात्र शाबूत होती.

पुढच्या दोन महिन्यांत मी अकरा किलो उतरलो. झोप गेली, भूक गेली. भाकरीचा तुकडा तोंडात फिरत राही, खाली जायचा नाही. मोरीतल्या गोळ्यांचं बायकोला कळलं तेव्हा ती ओरडली नाही, रडली नाही, फक्त म्हणाली, "आता मी काय करू ते तुम्हीच सांगा."

तिच्या माहेरच्या ओळखीचे एक वैद्य नेसरीच्या बाजूला होते. लिंगायत, सत्तरी ओलांडलेले, बोलण्यात अर्धी मराठी अर्धी कानडी. भिंतीवर विभूती लावलेला त्यांच्या वडिलांचा फोटो आणि त्याच्या शेजारी तितक्याच भक्तीनं फ्रेम केलेला सरकारी परवाना. त्यांनी माझी नाडी बघितली, जीभ बघितली, आणि दीड तास प्रश्न विचारले. गोळ्या बंद केल्याचं मी त्यांनाही सांगितलं नाही. मग त्यांनी आतून एक बरणी आणली. आत काळपट हिरवं चाटण, तुपाचा आणि वेलदोड्याचा वास.

"ह्यात विजया हाय," ते म्हणाले.

"विजया म्हणजे?"

"भांग. सात पाण्यात धुतलेली, तुपात भाजलेली. दचकू नका. संध्याकाळी जेवणाआधी एक चमचा, सपाट. शीग लावायची न्हाय. वर दारू न्हाय, गाडी चालवणं न्हाय. अजून कसलं औषध चालू हाय?"

"नाही."

"बरं. ऐका पावणं, मी झोप आणीन, भूक आणीन. बाकीचं माझ्या हातात न्हाय. त्याला तिकडं कोल्लापुरातच मोठा डाक्टर बघा."

एवढं स्पष्ट सांगणारा माणूस मला वर्षभरात भेटला नव्हता. तरी मी त्यातलं शेवटचं वाक्य ऐकलंच नाही असं केलं.

घरी आल्यावर आबांनी सवयीप्रमाणे चिठ्ठी हातात घेतली. तपासल्याशिवाय कुठलाही कागद घरात येऊ द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. चष्मा नाकावर सरकवून ते वाचत होते आणि मग त्यांचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला.

"भांग! अठ्ठावीस वर्सं मी उसाच्या फडात घुसून गांजाची झाडं उपटली, पाल्यानं अंग कापून घेतलं, आणि आता माझ्याच घरात?"

"आबा, गांजा नाही. भांग आहे."

"मला शिकवतुयास? गांजाच्या कायद्यात पान बसत न्हाय, फुलोऱ्याचा शेंडा बसतुय, हे मला ठावं हाय. पण पान असलं तरी परवाना लागतुय. हाय त्याच्याकडं परवाना?"

"आहे. भिंतीवर लावलाय."

"भिंतीवर लोक काय बी लावत्यात."

दुसऱ्या दिवशी हा माणूस गुडघे दुखत असताना एसटीनं नेसरीला गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा हातात एक तेलाची बाटली. वैद्यांनी परवाना तर दाखवलाच, वर आबांचीही नाडी बघून गुडघ्याला तेल दिलं होतं. "माणूस बरा हाय," आबा पायाला तेल चोळत म्हणाले. "कागद चोख हायत." मी बरा होणार की नाही, यापेक्षा कागद चोख असण्यानं त्यांचं समाधान झालं होतं.

आणि मग त्यांनी बरणी ताब्यात घेतली. लोखंडी ट्रंकेत ठेवली, कुलूप लावलं, किल्ली जानव्यासारखी गळ्यात. रोज सातच्या बातम्या संपल्या की ट्रंक उघडायची, चमचा भरायचा, पत्त्यातल्या चौकटच्या गुलामानं तो सपाट करायचा, आणि मी गिळेपर्यंत समोर उभं राहायचं. "तोंड उघड." मी एकोणतीस वर्षांचा, तोंड उघडून दाखवायचा. बायको स्वयंपाकघरात पदर तोंडाशी धरून हसायची. माझ्या औषधाचा मुद्देमाल झाला होता.

चिडचिड व्हायची, पण खोटं का बोलू, आठवड्याभरात मी झोपलो. सलग सहा तास. भूक लागली. एका संध्याकाळी साध्या आमटीभाताची इतकी चव लागली की मी तिसऱ्यांदा वाढून घेतला आणि बायको भात वाढतानाच थांबली, माझ्याकडे बघत राहिली. पण सकाळी ती आठ पावलं होतीच. पोट भरलेलं, झोप झालेली, आणि तरी भिंतीला टेकून उभा. वैद्यांनी सांगितलेलं अक्षरशः खरं होतं. मला मात्र वाटलं, औषध कमी पडतंय.

मे महिन्यात आबा मुरगूडला एका लग्नाला गेले. मुक्काम असल्यानं किल्ली बायकोकडे दिली, तिनं ती देव्हाऱ्यात ठेवली. रविवारी दुपारी ती कपडे वाळत घालायला वर गेली, तेव्हा मी देव्हाऱ्यातली किल्ली काढली. तीन चमचे खाल्ले. शिगेचे. एकानं झोप येते तर तिनानं सगळंच येईल, असा माझा हिशेब होता.

तासभर काहीच नाही. मग घड्याळाचा काटा थांबला. खरोखर थांबला नसणार, पण मी बघत होतो आणि तो हलत नव्हता. छातीत कुणी लेथ चालू केल्यासारखी धडधड. गिळायचं कसं ते मी विसरलो, अशी माझी खात्री झाली. जीभ कुठं ठेवतात माणसं? मी बायकोचा हात धरून पुन्हा पुन्हा विचारत होतो, "मी मेलोय का?" तिनं ट्रंक उघडी बघितली आणि तिला कळलं. शेजारच्यांच्या फोनवरून तिनं वैद्यांना गाठलं. ते म्हणाले, एकटं सोडू नका, पडून राहू द्या, बोलत राहा, श्वासाला त्रास झाला किंवा शुद्ध हरपली तर थेट दवाखाना. ती बोलत राहिली. काय बोलावं सुचेना म्हणून तिनं मला सहावीच्या वर्गातली हजेरी म्हणून दाखवली, एकूण एक पोरीचं नाव. पुन्हा पहिल्यापासून. चार तास.

दुसऱ्या दिवशी आबा आले. मला वाटलं, आता काठी. त्यांनी टोपी काढली, माझ्यासमोर पाट घेऊन बसले.

"आता मला एक सांग. तुला नक्की हुतंय काय?"

वर्षभरात त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं. आणि मला सांगता येईना, याचा मला स्वतःचाच इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

"हात उचलायचा असतो आबा. आणि उचलत नाही."

"म्हंजे लकवा?"

"नाही."

"दुखतंय?"

"नाही. दुखलं असतं तर बरं."

त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग उठले. "कपडे घाल. डाक्टरकडं जायाचं."

जिन्याखाली टायरवाल्याला त्यांनी पोलिसी आवाजात विचारलं, "काय पावणं, ते येड्यांचा डाक्टर वरच बसतुय न्हवं?" रस्त्यावरची चार माणसं थांबून बघायला लागली. चढताना माझ्या मनात आलं, एवढं झाल्यावर आता लपवण्यासारखं राहिलंय काय.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. मोरी, बरणी, तीन चमचे. ते खूप चिडले, आणि मला त्याचं बरं वाटलं. "हात कापतो हे मला सांगायचं होतं. दुसरी गोळी असते. त्यासाठीच मी इथं बसलोय." त्यांनी वैद्यांची चिठ्ठी वाचली, माझ्यासमोरच नेसरीला फोन लावला. दोघं पाच मिनिटं बोलले. दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं, की पेशंट मूर्ख आहे. नवी गोळी बेताबेतानं वाढवायची, चाटण निम्म्या चमच्यावर आणून दीड महिन्यात बंद करायचं, आणि मधल्या काळात दर आठवड्याला दोघांनाही कळवायचं. कळवायचं काम आबांनी अंगावर घेतलं. ते वहीत लिहायचे: 'भाकऱ्या दोन. झोप पाच तास. बोलणं कमी.' वर तारीख आणि खाली सही.

बरा कधी झालो, ते सांगता येत नाही. एकदा बाथरूमला गेलो आणि ब्रश तोंडात असताना लक्षात आलं की मी पावलं मोजली नव्हती. हात स्थिर व्हायला वर्ष लागलं. आणि तो स्थिर झाला त्याच सुमारास फाउंड्रीत कॉम्प्युटर आला आणि आमचे ड्रॉइंग बोर्ड भंगारात गेले. काय म्हणावं याला? दोन हजार चार साली आजार पुन्हा आला, तेव्हा पंधरवड्यात डॉक्टरकडे गेलो. गोळी अजून घेतो. आबा त्याआधीच्या वर्षी गेले होते.

मला सगळ्यात वैताग आणते ती पुढची गोष्ट. आमच्या मोल्डिंग शॉपमधल्या एकाला कुठून तरी कळलं आणि तो एका दुपारी डबा खाताना माझ्याजवळ येऊन बसला.

"साहेब, ते तुमचं भांगेचं औषध मिळंल काय? वैनी दोन म्हैने झालं, धड जेवत न्हाय, बोलतच न्हाय कुणासंगं."

मी त्याला सगळं सांगितलं. भांगेनं काय होतं, काय होत नाही, तीन चमच्यांनी काय झालं, गोळ्या मधेच सोडल्या तर काय होतं. वैद्य वारले आहेत हेही सांगितलं. डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. जेवणाची सुट्टी संपली, भोंगा झाला. त्यानं कागदाची घडी केली.

"ते सगळं खरं हो. पण बरणी असंल की घरात एखादी? तेवढी द्या."

"अहो, नाही सांगितलं ना!"

"डाक्टरकडं न्यायचं म्हंजे लोक काय म्हणत्याल? दादा तर न्हाईच नेणार. मी एकटा कसा नेऊ?"

मी कपाळाला हात लावला. गुरुवारी तो, त्याची वहिनी आणि मी असे आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. सतरावा नंबर होता, चार वाजेपर्यंत बाकड्यावर बसलो. तिनं तिथं बसल्या बसल्या माझ्या पिशवीतली दोन केळी खाल्ली, न विचारता. माझी अर्ध्या दिवसाची रजा गेली.