चाळणीवर घासलेली वाटी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, अक्षरही वाकडंतिकडं. चौथीनंतर हातात पेन फारसं आलंच नाही. कोणी वाचलंच तर समजून घ्यावं.

कशेळ्याच्या पुढे एका लहान कंपनीने आमच्या डोंगराची माती तपासायला घेतली. बॅटरीला लागणारं निकेल, तांबं आणि असलंच तर सोनं त्यांना हवं होतं. मला माती चाळून पिशव्यांत भरायचं काम मिळालं. मुलीच्या कॉलेजची फी त्यातूनच जायची.

कंपनीच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, काम करताना अंगावर सोनं नको. कणभर घासलं तरी तपासणीत उतरतं. घरी सासूबाई म्हणाल्या, "नवरा जिता हाय ना गं? मग गळा मोकळा कशाला?"

मला दोघींनाही नाही म्हणता येईना. मी मंगळसूत्र मनगटाला गुंडाळलं आणि वरून नवऱ्याच्या जुन्या शर्टाची बाही ओढली.

महिन्याभराने माझ्याच पिशव्यांत सोनं निघालं. मुंबईचे साहेब पैसेवाल्यांना घेऊन येणार असं ठरलं. सोबतची बाई म्हणाली, "तुजा हात लागला नि मातीचं सोनं झालं. आता टेंपो घे गं." सगळ्या हसल्या. मी घरी येऊन मंगळसूत्र पाहिलं. एका वाटीची कड चाळणीवर घासून चपटी झाली होती.

गप्प राहिले असते तर कोणाला कळलं नसतं. बोलले तर काम जाणार. पण माझ्या वाटीच्या भरवशावर लोक पैसे लावणार, डोंगर खणणार, हे मला सोसेना. दुसऱ्या दिवशी मॅडम एकट्या असताना गेले. बाही वर करून वाटी दाखवली.

त्यांनी वाटीची चपटी कड बोटाने चाचपली. मग साहेबांना फोन करून येऊ नका म्हणाल्या. मला काढलं नाही. माती पुन्हा आणून तपासू, खर्च कंपनी करेल, म्हणाल्या.

"चूक माजी हाय. पैसे मी भरणार," मी म्हटलं. माझाच आवाज मला मोठा वाटला.

त्या घेईनात. मी दर पगाराला टेबलावर पैसे ठेवून यायची. तिसऱ्यांदा त्यांनी हिशेब लिहायला वही काढली.

नव्या मातीत सोनं नव्हतं. थोडं निकेल होतं, त्यावर काम चालू राहिलं. सासूबाईंना मी सगळं सांगितलं. आता जाताना मंगळसूत्र देवापुढे ठेवते, परत आले की सासूबाईच माझ्या गळ्यात घालतात.

गेल्या शनिवारी शेवटचे पैसे दिले. मॅडमनी वहीत आडवी रेघ मारली, खाली मी सही केली. सगळे फिटले.