चोर ठरलेला माड

आमच्या लॅबमध्ये धुळीचा कण साचू देत नाही आम्ही. साचतात ते किस्से. एक सांगायला घ्यावा तर मागून चार निघतात!

कुंभकोणातल्या एका कॉलेजच्या वरच्या मजल्यावर आम्ही तिघं बसतो: माधवराव सर, त्यांच्याकडे पीएच.डी. करणारी कल्याणी, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या काचा तयार करणारी मी. घरी तिघंही तंजावरची जुनी मराठी बोलणारे. काम काय, तर उत्तर ध्रुवाजवळच्या खडकाचे तुकडे पार्सलने येतात, ते ॲसिडमध्ये विरघळवायचे, उरलेल्या गाळातले परागकण मोजायचे आणि पाच कोटी वर्षांपूर्वी तिथं कसलं रान होतं, हवा किती उबदार होती, ते सांगायचं.

माझ्या अम्माला हे कधी पटलंच नाही. "ते रान तिकडे होतं, मग कुंभकोणांत बसून कसाला हुडकताव?" असं मला विचारते. शेजारणीला मात्र ऐटीत सांगते, "आमची लेक परदेशचा चिखल धुत्ती!"

*

सरांना परागकणांची ॲलर्जी आहे. खरंच! जन्मभर पराग मोजणाऱ्या माणसाला झाड फुललं की शिंका. डॉक्टर म्हणाले, "परागांपासून लांब राहा." सर म्हणाले, "माझे मेलेले आहेत, डॉक्टर. त्रास जिवंतांचाच होतो!"

*

लॅबमध्ये केसांत फुलं माळून यायचं नाही, हा सरांचा नियम. फुलांचे पराग उडून काचेवर बसले तर ध्रुवावर मोगरा फुलायचा! आता कुंभकोणात बिनफुलांची बाई आणायची कुठून? म्हणून दाराबाहेर एक खिळा ठोकला. येणाऱ्या बायका गजरे काढून त्यावर अडकवतात, आणि चपलाही बाहेरच.

एकदा तपासणीला आलेले एक मोठे साहेब दाराशी थबकले. खिळ्यावर हार, खाली चपलांची रांग. त्यांनी बूट काढले, आत आले, सूक्ष्मदर्शकाला हात जोडले आणि हळूच विचारलं, "प्रसाद कधी मिळतो?"

कल्याणीनं त्यांना कॉफी दिली. साहेबांनी ती दोन्ही हातांत घेतली!

*

आमचा खरा वैरी म्हणजे खिडकीजवळचा माड. तो बाराही महिने फुलतो. टेबलावर आम्ही व्हॅसलीन लावलेली एक कोरी काच ठेवतो, हवेतून काय पडतं ते कळावं म्हणून. तिच्यावर रोज माडाचे पराग सापडायचे. त्यामुळे ध्रुवाच्या खडकात माडासारखा कण दिसला, की सर बघायचेसुद्धा नाहीत. "खोबरं ते! काढ." वीस वर्षं हेच.

माड तोडायला परवानगी द्या, असा अर्ज सर दर वर्षी प्रिन्सिपॉलांना करत. दर वर्षी उत्तर यायचं: "विचाराधीन."

*

या वर्षी कल्याणी अडून बसली. तिच्या प्रबंधाचा सगळा डोलारा त्या कणांवरच होता. ती म्हणाली, "सर, ते खोबरं नाही. तिकडे तेव्हां ताडमाडाच्या जातीची झाडं होती."

"ध्रुवावर? पोरी, कोण विश्वास ठेवील?"

मे महिन्याअखेर सर निवृत्त होणार होते. त्यांची सही मिळाली नाही, तर कल्याणीला नवा मार्गदर्शक शोधून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार होती. पाच वर्षं पाण्यात! पोरगी जेवेना. मलाही तिच्याकडे बघवेना.

मग तिला वाटलं, माड नसलेल्या जागी तोच खडक पुन्हा धुवावा. आम्ही दोघी तिच्या स्कूटरवरून जागा शोधत फिरलो. पापनाशमला गेलो, माड. गोविंदपुरमला गेलो, माड. मरुदानल्लूरला एका वर्गखोलीच्या खिडकीतून माड दिसेना, म्हणून कल्याणीनं आनंदानं टाळी वाजवली. वर बघितलं तर छपरावर झावळ्या!

शेवटी कॉलेजातच बिनखिडकीची एक कोठी मिळाली. पंखा बंद, दाराच्या फटीत ओले टॉवेल, आणि बाहेर मे महिना. दहा दिवस ती आत घाम गाळत होती, मी बाहेरून ताक पुरवत होते.

*

अकराव्या दिवशी सकाळी तिनं सरांपुढे दोन काचा ठेवल्या. पहिली हवेची. सरांनी बघितली. कोरी! दुसरी खडकाची. तिच्यात माडाचे भाऊबंद, एक नाही, नऊ. ताज्या परागाच्या पोटात गर असतो. हे आतून पार पोकळ, पाच कोटी वर्षं वाळलेले.

सर बराच वेळ डोळा लावून बसले. मग त्यांनी चष्मा पुसला, प्रबंध ओढला आणि सही केली. कल्याणी रडायलाच लागली, मीही.

"वीस वर्षं," सर पुटपुटले, "वीस वर्षं मी काढून टाकलों..."

इतक्यात खिडकीबाहेर कोयत्याचा घाव ऐकू आला. बघतो तर माडाच्या शेंड्याशी दोर बांधलेला आणि एक माणूस झावळ्या छाटतोय. प्रिन्सिपॉलांनी नेमका त्याच दिवशी अर्ज मंजूर केला होता!

सर अनवाणीच जिना उतरले. त्या वयात, दोन-दोन पायऱ्या! खालून तमिळमध्ये ओरडले, "उतर खाली! तो निर्दोष आहे!"

माडावरचा माणूस वरूनच म्हणाला, "कोण, सर?"

सरांनी माडाला दोन्ही हातांनी घट्ट मिठी मारली, आणि लागोपाठ सात शिंका दिल्या.