हापशाचं पहिलं पाणी

"मॅडम, पाणी न्हाई देत. थंडा घ्या," असं म्हणत सुनंदाताईंनी माझ्यापुढे काळ्या थंड्याचा पेला ठेवला. त्या या वाडीच्या अंगणवाडी सेविका. अंगणवाडीच्या दारातच हापसा उभा होता. त्याच्या दांड्याला साखळी, साखळीला कुलूप आणि वर बांधलेला पुठ्ठा: 'पाणी पिण्यास अयोग्य'. ते शब्द माझेच होते. दीड महिन्यापूर्वी मीच सही करून पाठवले होते.

मी पाणी तपासणी प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. निलंगा आणि देवणी भागातल्या गावांतून आमच्याकडे बाटल्यांत भरून पाण्याचे नमुने येतात. त्यात जंतू, क्षार, लोह किती आहे ते बघायचं आणि रिपोर्ट द्यायचा. गाव बघायची वेळ आमच्यावर सहसा येत नाही.

या वाडीच्या नमुन्यात लोह मर्यादेच्या कितीतरी वर निघालं होतं. मी शिक्का मारला आणि पुढची बाटली उचलली. इकडे हापसा बंद झाला. पिण्याचं पाणी लांबच्या शेतातल्या विहिरीवरून यायला लागलं. बायका डोक्यावरून आणतील तेवढं स्वयंपाकालाच सरायचं, आणि पोरं दुकानातल्या थंड्याच्या बाटल्या घेऊन हिंडायची.

"खिचडीला हात लावंनात," ताई म्हणाल्या. "पोट थंड्यानंच भरलेलं. तीन-चार वर्साची लेकरं हायेत वो मॅडम. अन् उद्या पंपच काढू लालेत. बोअर बुजवायचा ठराव झालाय. कुणी चुकून पेलं तर, म्हणून."

त्यांनी फोन केला म्हणूनच मी आले होते. निघताना प्रयोगशाळेतल्या साहेबांनी अडवलं होतं.

"रिपोर्ट दिला, विषय संपला. कशाला उकरून काढता?"

"फेरतपासणीची सोय आहे, साहेब."

"आणि पुन्हा तेच निघालं तर?"

"तर थंडा पिऊन परत येते."

पेल्याला मी हात लावला नाही. आधी माणिकमामांना बोलावून घेतलं. मामा वाडीचे जलसुरक्षक, म्हणजे पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकणारा आणि नमुने भरणारा ग्रामपंचायतीचा माणूस. साठीचं वय, डोक्यावर कडक पांढरी टोपी.

"मामा, त्या वेळी नमुना कसा घेतला होता?"

मामांना या प्रश्नाचा आनंदच झाला. "कसा म्हंजे? उजाडायच्या आत अंघूळ केली. कुणी हात लावायच्या आधी पयला हापसा मारला अन् बाटली भरली. सरकारला शिळं पाणी देतो का मी? देवाला घालतो तसलं दिलं बगा, पयल्या धारंचं."

मी पिशवीतून त्या नमुन्याचा फॉर्म बाहेर काढला.

हापशाच्या खाली जमिनीत खोलवर पाइप असतात. जुन्या हापशांना ते लोखंडी. रात्रभर पाणी त्यांच्यात उभं राहतं आणि पाइप गंजलेले असतील तर गंज पाण्यात उतरतो. म्हणजे मामांनी देवाचं म्हणून जे पहिलं पाणी भरलं, ते दिवसभरातलं सगळ्यात शिळं पाणी होतं. म्हणूनच नमुना घेण्याआधी पंप चांगला हापसून घ्यायचा असतो. सोबतच्या फॉर्मवर 'पंप किती वेळ चालवला' असा रकानाच आहे. या वाडीच्या फॉर्मवर तो रिकामा होता. मामांना तो कुणी समजावून सांगितला नव्हता, आणि मी तो रिकामा दिसत असताना सही ठोकली होती. मला माझीच लाज वाटली.

"पाणी खराबच होतं की," ताई म्हणाल्या. "सकाळचा चहा काळाशार पडायचा."

"सकाळचा? आणि दुपारचा?"

"दुपारचा बरा असायचा."

झालं. आता मला खात्री पटली. पण माझ्या खात्रीनं कुलूप निघणार नव्हतं. सरपंच आले ते कमरेवर हात ठेवूनच.

"तुम्हीच लिवलं अयोग्य. आता तुम्हीच योग्य म्हणू लालाव? लेकराला काही झालं तर कुणी निस्तरायचं?"

त्यांचं म्हणणं रास्त होतं. मी म्हटलं, "आज मी योग्य म्हणतच नाही. कुलूप तेवढं काढा आणि चहाचं बघा."

चहाचं काम सोपं आहे. चहात एक तुरट द्रव्य असतं. लोहाशी गाठ पडली की ते काळं पडतं. पूर्वी हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोहाचाच एक क्षार, घालून शाई करायचे, त्यातला हाच प्रकार. प्रयोगशाळेतलं मशीन वाडीत आणता येत नव्हतं, चहापत्ती मात्र घरोघर होती. गॅस आणि काचेचे ग्लास थंडा विकणाऱ्या दुकानदारानंच दिले. मी जरा नवलानं बघितलं तर म्हणाला, "माझी लेकरंबी हितंच पितेत की."

दीड महिना बंद असलेला हापसा कुरकुरला आणि गेरू कालवल्यासारखं लाल पाणी ओकला.

"बगा!" गर्दीतून आवाज आला. सरपंचांनी माझ्याकडे असं बघितलं की मी आत्ताच एसटी धरावी. मी ती लाल बादली बाजूला ठेवली आणि म्हटलं, "हापसा. थांबू नका."

माणसं पाळीपाळीनं हापसू लागली. बायकांनी बादल्या मोजल्या. मोजणीत दोनदा भांडण झालं. दहावी बादली गढूळ पिवळट होती. तीही बाजूला ठेवली. पंचविसावीत बादलीचा तळ दिसायला लागला.

तिन्ही पाण्यांचा कोरा चहा ताईंनी उकळला आणि तीन ग्लासांत गाळला. पहिल्या ग्लासात निव्वळ शाई. दुसऱ्यात मळकट तपकिरी काहीतरी. तिसऱ्यात आपला नेहमीचा चहा, लालसर आणि आरपार दिसणारा. एका म्हातारीनं तिन्ही ग्लास उन्हात धरून बघितले आणि म्हणाली, "पानी नासलं न्हाई. नळीच नासली."

एवढं सोपं मला माझ्या पदवीनंसुद्धा सांगता आलं नसतं.

मामांनी मात्र डोक्यावरची टोपी काढली. "म्हंजे माझ्यामुळं बंद पडला का वो हापसा?"

"तुमच्यामुळं नाही, मामा," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "रिकामा फॉर्म बघून सही मी केली."

मग सरपंच म्हणाले, "तीन दिवस थांबतो. कागद आला पायजे."

मामांनी स्वतःच्या हातानं नवा नमुना भरला. जंतूंच्या तपासणीसाठी हापशाचं तोंड जाळानं शेकून दुसरी बाटली भरली. त्या बाटल्या मी एसटीत मांडीवर धरून आणल्या. लोह मर्यादेच्या आत निघालं, क्षार ठीक होते. दुसऱ्या दिवशी जंतूंचाही पत्ता नव्हता. मी प्रयोगशाळेत एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

"सुधारित रिपोर्ट म्हणजे आपली चूक आपणच लेखी द्यायची," साहेब म्हणाले.

"हो, साहेब."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि सही केली. वर म्हणाले, "हापशाच्या मेकॅनिकला आजच फोन लावा. पाइप बदलल्याशिवाय हे मिटत नाही." तेवढ्यापुरता मला साहेबांचा अभिमान वाटला.

पाइप उपसले तेव्हा त्यांची चाळण झालेली होती. त्यांच्या जागी प्लास्टिकचे पाइप बसवले.

पंधरा दिवसांनी मी मुद्दाम सकाळी लवकर वाडीत गेले. हापशावर पोरांची झुंबड होती. अंगणवाडीची लेकरं दोघं-दोघं मिळून दांड्याला लोंबकळत होती, एक जण खाली ओंजळ धरून पीत होता आणि सगळ्यांचे सदरे भिजले होते. सुनंदाताईंनी माझ्यासमोर पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा ठेवला. मी तांब्या रिकामा केला आणि आणखी मागितला. ताई तोंडाला पदर लावून हसल्या, पण डोळे भरले होते. माझेही भरले होते. कशाला लपवू?

आता फॉर्मवर एक जरी रकाना रिकामा असला तरी मी बाटली परत पाठवते. गावोगावची माणसं वैतागतात. वैतागू देत.

निघताना मामा भेटले. नवे पाइप असूनही नमुन्याआधी दहा मिनिटं हापसतो, असं त्यांनी छाती काढून सांगितलं.

"आणि देवाचं पाणी?" मी विचारलं. "ते पहिल्या धारेचंच का?"

"न्हाई बा," मामा म्हणाले. "देवालाबी आता धा मिन्टं हापसूनच. त्याला कामून शिळं पाजावं?"