टाळी नको असलेला गवई

भिलाईत पावर हाउस नावाच्या वस्तीतल्या एका चहाच्या हॉटेलात तेव्हा ग्रामोफोन होता. त्यावर एक गमतीचं गाणं हमखास लागायचं, सासुरवाडीत फजिती झालेल्या जावयाचं. कारखान्याचं बांधकाम चालू होतं, आणि आम्ही गिट्टी वाहणारे लोक ते ऐकून पोट धरून हसायचो. एक जण मात्र रस्त्याकडे तोंड करून बशीतल्या चहावर फुंकर घालत बसायचा. गाणं त्याचंच होतं. रेकॉर्ड काढणारे तसलंच दुसरं मागायला भिलाईपर्यंत आले, तर त्यांना चहा पाजून त्यानं परत पाठवलं.

आमच्यासोबत गिट्टी वाहून आला की तो लेबर कॅम्पात खोलीपुढे पेटी घेऊन बसायचा. आता गाणी संथ, अंधारी असायची. गावाकडे परत जाऊ न शकलेल्या माणसांची. मध्येच आवाज इतका खाली जायचा, की पेटीचा भाताच तेवढा ऐकू यायचा. कोणी जावयाचं गाणं मागितलं की तो मानेनंच नाही म्हणायचा. हळूहळू माणसं गळाली. आम्ही दोघं-चौघं उरलो.

एका संध्याकाळी गाणं संपलं आणि कोणीच हललं नाही. मला त्याची कीव आली, म्हणून मी एकटाच टाळ्या वाजवू लागलो.

"कावून वाजवून राहिला बे?" तो थकल्या आवाजात म्हणाला. "दिवसभर गिट्टी उचलली त्या हाताइनं. आता माह्यासाठी कायले राबवतं त्याइले? ठेव खाली."

मी हात मांडीवर ठेवले. तेव्हा कुठं कळलं, किती दुखून राहिले होते ते.