तलवारीची पाळी

शेजारी सुका बांगडा भाजायला घेतला, की मला समुद्र नाही, एक राक्षस आठवतो. कॉलेजची सुट्टी होती आणि आम्ही तिघे मित्र एकाच्या घरामागे, रापणीची जाळी ठेवायच्या मांगरात, सुक्या बांगड्याच्या वासात लॅपटॉप मांडून बसायचो; राक्षस मारला की त्याच्या अंगातून सोनं, चिलखतं, हत्यारं सांडतात, असा तो गेम. चार दिवस मार खाल्ल्यावर त्या दुपारी तो एकदाचा आडवा झाला, आम्ही एवढे बोंबललो की माडावरचे कावळे उडाले, आणि सांडली काय, तर एकच निळी तलवार! ज्याचं घर, तो गडी त्या लढाईत सुरुवातीलाच मेला होता, म्हणून आम्ही दोघांनी त्याला वाटणीतून सरळ बाद केलं. तिथेच जाळं सांधत बसलेले त्याचे बाबा मान वर न करता म्हणाले, "दोरयेक हात लायल्यान मां? मगे तेचोय वाटो." सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायच्या रापणीची दोरी ज्याने धरली त्याला मासळी मिळते, मग तो मध्येच दमून वाळूत बसला तरी. "पण तलवार एकच आसा, काका!" मी म्हणालो. "मगे पाळी लावा." आणि पहिली पाळी त्या मेलेल्यालाच लागली. काल पुण्यात तो वास आला, तसा मी दोघांना मेसेज टाकला, "आज तलवार कोणाची?" मांगरवाला आता बोटीवर नोकरीला असतो, पहिलं उत्तर त्याचंच आलं, "माझी. आणि ह्या टायमाक मी मरूचंय नाय."